तापी जिथं खारट होते

मी गाव सोडलं तेव्हा माय नंदुरबार स्टेशनपर्यंत आली होती. गावातून शहादा, शहाद्याहून एसटीनं नंदुरबार, एवढा प्रवास तिनं माझी ट्रंक मांडीवर धरून केला. ट्रंक वर ठेवा म्हटलं तर कंडक्टरवरच खेकसली. आप्पा, म्हणजे माझे वडील, फलाटावर लांब उभे होते आणि उगाच टोपी काढून झटकत होते. सुरतेची गाडी आली, लोक चढले, मी खिडकीजवळची जागा पकडली आणि मला रडू फुटलं. चांगला बारावी होऊन डी.एड. केलेला घोडा, पण रडलो. माय खिडकीच्या गजांतून हात घालून म्हणाली, "रडू नको रे भो. तापीमाय बी तठेच जास. आठे मी पानीमा हात घालसू, तठे तू घालजो. झालं, भेट व्हयनी."

हे तिला मीच शिकवलं होतं. आमचं गाव प्रकाशाच्या जवळ, तापीच्या काठावर. चौथीत असताना मी ओसरीवर पाय हलवत मोठमोठ्यानं भूगोल पाठ करायचो: तापी नदी सातपुड्यात मुलताई येथे उगम पावते आणि सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. माय चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे. पुस्तकात छापलंय म्हणजे खोटं कसं असेल? आपल्या वावराला लागून जाणारी नदी शेवटी सुरत नावाच्या मोठ्या शहरात जाते, याचा तिला माहेरच्या माणसाची बढती झाल्यासारखा अभिमान वाटायचा.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे तापी लाइनच्या गाडीत बसून खाली उतरलात, त्या दोघांसाठी हे लिहितोय. राहिलेल्यांना वाटतं गेलेले सुटले. गेलेल्यांना वाटतं राहिलेले तरी घरी आहेत. मलाही बरीच वर्षं असंच काहीतरी वाटत होतं.

सुरतेत खान्देशी माणूस शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. लिंबायत, नवागाम, दिंडोली, कुठंही जा, भाजीच्या गाडीवर कुणीतरी "काय भो, कोनतं गाव?" विचारणारच. मला महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली. तेव्हा वर्गात पोरं मावत नव्हती. आता पोरं मावतात, वर्गच उरतात. माझी स्वतःची मुलगी किंजल इंग्रजी माध्यमात आहे आणि मैत्रिणींशी गुजरातीत भांडते. मराठीच्या मास्तरची मुलगी, म्हणून सहकारी चिमटे काढतात. काढू देत. त्यांची पोरं तरी कुठं मराठीत आहेत?

सुरतेला समुद्र आहे हे मला इथं आल्यावर कित्येक महिने कळलंच नाही. बंदराचं शहर म्हणून ऐकलेलं, पण दिंडोलीत राहणाऱ्याच्या नाकाला समुद्राचा वासही येत नाही. येतो तो गिरण्यांच्या वाफेचा आणि लोचोवर, म्हणजे इथल्या वाफवलेल्या डाळीच्या फराळावर, ओतलेल्या तेलाचा. पण नदी मात्र होती. चौकातल्या किल्ल्याच्या मागून ती जाते, रुंद, मातकट, पुलांच्या कमानींखालून. पहिल्याच रविवारी मी तिथं जाऊन उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मला परकं वाटलं नाही. माय फोनवर नदीची चौकशी जावेची करावी तशी करायची: "पानी कितलं शे? भरेल शे का?" मी म्हणायचो, "भरेल शे." भरती असली की खरंच भरलेली असायची.

माय वैशाखात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी शहाद्याच्या दवाखान्यात नेतानाच वाटेत. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपायच्या बेतात होतं. आमच्याकडे अस्थी प्रकाशाला नेतात. दक्षिण काशी म्हणतात तिला, आमच्या लोकांना उत्तरेतल्या काशीची फारशी गरज पडत नाही. संगमावर आप्पा गुडघाभर पाण्यात उतरले, गाडगं तिरपं केलं, आणि अगदी रोजच्या आवाजात, बाजाराला निघालेल्या बायकोला सांगावं तसं म्हणाले, "जाय व, पोऱ्याजोडे जाय. आठलं तुन्हं काम सरनं." मी त्यांच्या मागं उभा होतो. त्या वाक्यानं मला जेवढा धीर आला तेवढा दहा दिवस गरुडपुराण ऐकूनही आला नाही.

त्यानंतर आप्पा एकटे. मी एकुलता. केळी, पपई, थोडा कापूस, सगळं चाललेलं होतं, तसं अडलेलं काही नव्हतं. पण माणूस एकटा किती दिवस पिठलं ढवळणार? एकदा न्हाणीत पाय घसरून पडले आणि शेजारच्यांना संध्याकाळी कळलं. मी दर फोनला एकच धोशा लावला: सुरतेला या, इथंच राहा. तिथं करमत नाही, एवढंच ते सांगत: "गमस नही रे तठे." मग पौषात एक दिवस त्यांचाच फोन आला. म्हणाले, "तुन्ही माय पोचनी व्हई आते. मंग मी आठे कसाले बठू? मीबी येस."

रेखा, माझी बायको, आमच्याकडच्याच खांडबाऱ्याची. मी फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "असू दे. ज्या कारणानं येतील त्या कारणानं येऊ दे." मलाही तसंच वाटलं. आप्पा सुरतेला राहायला येत होते ते माय इथं आहे म्हणून. कारण कुठलं का असेना, ते माझ्या डोळ्यांसमोर असतील, पडले तर उचलायला कुणी असेल. मला दुसरं काहीच नको होतं.

आले ते एक पिशवी घेऊन. उतरल्या उतरल्या विचारलं, "समुद्र कथा शे?" मी म्हटलं, दाखवतो, आधी शहर तर बघा. शाळेला परीक्षा होत्या, तपासणीचे पेपर होते. रविवार आला की मी त्यांना एकेक जागा दाखवायचो, आणि मुक्काम लांबतोय म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचो.

किल्ला त्यांना आवडला. म्हणजे भिंती आवडल्या. आतल्या काचेच्या कपाटांकडे त्यांनी बैलबाजारात नापसंत बैलाकडे पाहावं तसं पाहिलं. मुघलसराई दाखवली, पूर्वी हजला जाणारे लोक जहाजाची वाट बघत तिथं उतरायचे, आता तिथं महापालिका बसते. "म्हनजे धर्मशाळाच शे ना अजून," आप्पा म्हणाले, "लोके बठेल शेतस वाट देखत." खोटं नव्हतं. दाखल्यासाठी मी स्वतः तिथं दोन फेऱ्या घातल्या आहेत. जुन्या सुरतेचे लोक अजून चौऱ्याऐंशी बंदरांचे बावटे इथं फडकायचे याची शेखी मिरवतात, आणि बाहेर पाहावं तर मेट्रोचे खांब, उड्डाणपूल, त्यांच्यावर आणखी उड्डाणपूल. एवढे पूल कशाला, असं आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, लोकांना लवकर घरी जायचं असतं. ते हसले.

कतारगामकडची गोऱ्यांची कबरस्तानं बघताना मात्र त्यांची पावलं मंदावली. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत त्या, पण घुमट, खांब, जिने, एखाद्या संस्थानिकाची छत्री वाटावी असा थाट. दोघांत चढाओढ होती म्हणे, कुणाचा मुडदा जास्त श्रीमंत दिसतो याची. आप्पा एका घुमटाखाली सावलीला टेकले. "सात समुंदर पारथून उनात," ते म्हणाले, "आनि आठेच ऱ्हायी गयात. यास्ना मायबाप वाट देखत ऱ्हायना व्हतीन." मी म्हटलं, चला आप्पा, पोंक खायला जाऊ.

पोंक म्हणजे इथला ज्वारीचा हुरडा. थंडीत नदीकाठी त्याचे मंडप लागतात, शेव आणि लिंबू घालून देतात. आप्पांनी तो तळहातावर घेऊन वास घेतला आणि सुरतेच्या लोकांना पहिल्यांदा शहाणे ठरवलं. पोंकवाल्यानंही त्यांना वयाचा मान देऊन मूठभर जास्त घातला आणि इथली म्हण ऐकवली: "सुरतनुं जमण ने काशीनुं मरण, काका." जेवावं सुरतेत, मरावं काशीत. आप्पांना ती इतकी आवडली की रिक्षात बसल्यावरही म्हणत होते, "जेवन सुरतनं, मरन काशीनं. मंग आपलं बरंच शे. काशी ते आपली घरनी शे."

आषाढात इथं तापीचा वाढदिवस करतात, नदीला या काठापासून त्या काठापर्यंत चुनरी नेसवतात, हे ऐकून ते चाट पडले. आम्ही तापीकाठचे, पण तिची जन्मतिथी आमच्या बापजाद्यांनी कधी विचारली नव्हती. अश्विनीकुमारच्या घाटावर कर्णाचं दहन झालं असं सुरतकर सांगतात, तेही त्यांनी मान डोलावून ऐकलं. "कर्नासारखा बी आठेच उना," म्हणाले. त्यांच्या मनात मायची सोबत वाढत चालली होती.

हळूहळू ते रुळले. दिंडोलीच्या मारुतीच्या ओट्यावर त्यांना आमच्याच भागातले म्हातारे भेटले, सगळे पोरांकडे येऊन अडकलेले. सकाळी आंघोळ करून टोपी घातली की ते तिकडं. किंजलला पाढे अहिराणीत म्हणायला शिकवलं, ती शाळेत म्हणून आली आणि डायरीत शेरा घेऊन आली. एके दिवशी जेवताना सहज म्हणाले, "पुढला साल वावर बटाईले दी टाकसूत. मन्हाथून आते तठे एकलं व्हस नही." रेखानं पोळी उलटायची थांबवली. मी ताटात बघत जेवत राहिलो, न जाणो, बोललो तर मोडेल. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोरांना पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही.

मग तो रविवार. "आते समुद्र देखाडच," म्हणाले. टाळण्यासारखं काही कारणही उरलं नव्हतं. रेखानं ओटीचं सामान काढलं, नारळ, हळदकुंकू, हिरवा खण. आप्पांनीच सांगितलं होतं. ओटी तापीची की मायची, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चौघं रिक्षानं डुमसच्या किनाऱ्यावर गेलो.

डुमसच्या वाळूचा रंग काळा. बाकी लोकांना ती भुताखेतांची वाटते, त्यावर गोष्टीही सांगतात. आप्पांनी उतरल्याबरोबर चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि म्हणाले, "आपलीच काळी." आम्हाला बरं वाटलं. टोमॅटोची भजी खाल्ली, किंजल उंटावर बसली, पलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती, ओहोटी लागलेली, पाणी दूर. आप्पांनी धोतर वर खोचलं आणि ओटी घेऊन चिखल तुडवत निघाले. मीही मागोमाग. पाण्याच्या काठाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "यामाईन तापी कोनती?"

मी हात उत्तरेकडे फिरवला. तिकडून येते, म्हटलं, इथं सगळी मिसळते. त्यांनी वाकून ओंजळ भरली आणि जिभेच्या टोकाला लावली. ही शेतकऱ्याची सवय. नवी विहीर असो की बोअर, पाणी खारं आहे का हे आमच्याकडे जिभेनंच बघतात, केळीला खारं पाणी चालत नाही. थुंकून म्हणाले, "हाऊ ते समुद्र. मी नदी ईचारी ऱ्हायनू. चाल, नदी देखाड."

ओटी तशीच हातात. रिक्षानं आम्ही मगदल्ल्याच्या पुलाजवळ आलो. तिथं खाली उतरून त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. खारं. वाटेत चौकाजवळ एका ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या पायऱ्यांवर, थांबायला लावलं. तिथंही खारं. मला मघापासून कळत होतं. खरं तर इतकी वर्षं मी या नदीच्या भरती-ओहोटीकडे बघतोय, भूगोल शिकवतोय, खाडी कशाला म्हणतात ते फळ्यावर काढून दाखवतोय. पण हे आणि ते मी कधी एकत्र केलंच नव्हतं. रेखा किंजलला घेऊन घरी गेली. आम्ही दोघं कॉजवेवर आलो.

कॉजवे म्हणजे रांदेरच्या बाजूला नदीवर आडवी घातलेली भिंत, वरून रस्ता. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, जलपर्णीनं हिरवं. खालच्या अंगाला चिखल, त्यात अडकलेल्या होड्या, आणि परत चाललेली ओहोटी. आप्पांनी आधी वरचं पाणी चाखलं, मग खालचं. मग मधे उभे राहिले. गाड्या मागून भोंगे वाजवत होत्या.

"वरनं गोडं शे," ते म्हणाले. "म्हनजे आपली नदी आठेच सरनी. खाले नुसता समुद्र शे, आत उना शे तो."

"हो," मी म्हटलं.

"आनि आठलोंग तरी येस का ती?"

मी वरच्या अंगाला बघितलं. वर काकरापारचा बंधारा आहे, त्याच्याही वर उकाईचं धरण आहे. उकाई आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. नंदुरबार जिल्ह्यात उकाई कुणाला माहीत नाही? ज्यांची गावं त्यात गेली त्यांची सोयरीक आमच्यात आहे. सुरतेला येताना उकाईच्या नावाचं स्टेशन लागतं, मी ती पाटी येता-जाता शेकडो वेळा वाचली आहे. पण धरण म्हणजे गावं बुडवणारं पाणी, एवढंच आमच्या डोक्यात. ते नदीची वाट अडवतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. प्रकाशाला बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा, झालं तेव्हा तर आम्ही आनंदानं नारळ फोडले होते. मोटारीला बारमाही पाणी झालं.

"पावसाळामा दारे उघडतस, आप्पा," मी म्हणालो. "मंग समदं जास समुद्रमा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरकी करतो म्हणून मी त्यांना शिकवत होतो. "तुन्ही माय गयी त्या साल कितलं पानी चालनं, मी देखेल शे. मी काठवरच व्हतू ना. आनि हाडं जड ऱ्हातस. गाळ भिंतजोडेच बठस, पुढे जात नही."

कुणी माझं म्हणणं असं खोडून काढलं की मला राग येतो. लहानपणापासूनची खोड. मी त्या पुलावर, त्या भोंग्यांत, आवाज चढवून म्हणालो, "आप्पा, ती माय नही. राख शे."

"तुले राख शे," ते म्हणाले. "माले तीच शे."

आम्ही रिक्षानं घरी आलो. ओटी त्यांनी पिशवीत परत ठेवली, खणाची घडी न मोडता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आवरून बसले होते, टोपी, पिशवी, चपला सगळं जागच्या जागी. रेखानं चहा दिला आणि शेवटचा प्रयत्न केला. बिचारी रात्रभर विचार करत असणार. म्हणाली, "आप्पा, आपला नळले तापीनंच पानी येस. कॉजवेना वरनं, गोडं. आपन रोज तेच पितस. मंग माय घरमाच उनी ना?"

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला ते बेटा म्हणायचे, मला कधी म्हणाले नाहीत. "नळमा कोनी माय येस का, बेटा?"

मी मग विनवलं. राग, शहाणपण, सगळं सोडून विनवलं. म्हटलं, तुमच्याशिवाय मला कोण आहे, तिथं पडलात तर मला इथं कळणार कसं, किंजलला तुमची सवय झालीय. सगळं खरं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यावर रागावले असते तर मला वाट दिसली असती. पण त्यांना माझी दया येत होती.

"ती अडकेल शे रे," ते म्हणाले. "मीच तिले धाडं. सांगं, पोऱ्याजोडे जाय. ती निंघनी आनि वाटमा अडकनी. तिले तठे सोडीसन मी आठे कसा ऱ्हासू?"

मी त्यांना उधना स्टेशनवरून गाडीत बसवलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. काम सुटलेल्या माणसाला ते परत मिळावं तसा त्यांचा चेहरा होता. गाडी हलली आणि मी फलाटावर राहिलो, सुरतेकडचा.

त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. वावर बटाईनं दिलं नाही, मजुरांकडून करून घेतात. दुपारी भाकरी खाल्ली की नदीवर जातात. पूर्वी काठावर बसायचे तर मोटार चालू आहे की नाही बघायला. आता नुसते बसतात. शेजारचे म्हणतात, म्हातारा पाण्याशी बोलतो. मला त्यात वेडेपणा वाटत नाही. बायकोशी बोलणारे नवरे आमच्या गावात फार कमी, आप्पा त्यांपैकी एक होते.

मी सुट्टीत जातो. गाडी आता कमी वेळात पोचवते, स्टेशनं चकाचक झाली, शहाद्यापासून गावापर्यंत रस्ताही बरा झाला. घर तसंच आहे, आप्पा ते झाडून ठेवतात. पण पूर्वी मी निघालो की ते म्हणायचे, आणखी दोन दिवस राहा. आता म्हणत नाहीत. किंजलला पहिल्या वर्षी आणलं होतं. तिला तिथं करमलं नाही, मोबाइलला रेंज नव्हती, आणि आजोबा सारखे कुठं जातात म्हणून ती रुसली. पुढच्या वेळी तिनं विचारलं, यायलाच हवं का? मी नको म्हटलं. इतकी वर्षं मी सांगत आलो की मी नोकरीसाठी सुरतेत राहतो, माझं घर तिकडं. शाळेत आता नवीन पोरं येत नाहीत. वर्ग बंद झाले तर मला दुसरीकडे कुठंतरी बसवतील, पण सुरतेतच. निवृत्तीनंतर गावी जाऊ असं मी म्हणालो की रेखा हो म्हणते. ती ज्या सुरात हो म्हणते त्यावरून कळतं.

याच दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, मी आप्पांबरोबर नदीवर गेलो. पाणी बॅरेजमध्ये थोपलेलं, हालचाल नाही, काठाला शेवाळ. आप्पांनी चप्पल काढून पायऱ्यांवर बैठक मारली. मी शेजारी. मी मनाशी ठरवून आलो होतो की शेवटचं विचारायचं, पुन्हा विचारायचं नाही. म्हटलं, "आप्पा, चालतस का मन्हासंगे? थंडीपुरतं तरी."

"नही," ते म्हणाले. आढेवेढे नाहीत, लाडीगोडी नाही. मग हात लांब करून पाण्याकडे दाखवलं. "तुन्ही माय त्या आंगले शे. मन्हं बी तठेच करजो. पुढे कोठे लई जाऊ नको. जथी ती शे तथा माले सोड, आनि तू मोकळा व्हय."

मी हो म्हटलं. बापानं असं सांगितल्यावर मुलगा दुसरं काय म्हणतो? पण मला एकदम माझं स्वतःचं दिसलं. मी सुरतेत मरेन. जवळचा घाट अश्विनीकुमार. किंजल मला जे काही करायचं ते तिथंच करेल, कारण प्रकाशा तिला जेमतेम माहीत आहे, आणि माहीत असलं तरी कोण एवढं करतं? मी कॉजवेला अडलेल्या पाण्यात. ही दोघं इथं, बॅरेजच्या वरच्या. मधे उकाई, काकरापार, सगळ्या भिंती. मेल्यावर तरी माणसं एका ठिकाणी येतात, या एका गोष्टीवर आमच्या घराण्यानं आजवर दिवस काढले.

माझ्या तोंडून गेलं, "आनि मन्हं, आप्पा?"

त्यांना कळलं नाही असं नाही. आयुष्यभर त्यांच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, बियाण्याच्या, लग्नाच्या, दुष्काळाच्या. ते पाण्याकडे बघत राहिले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला, आणि म्हणाले, "तुन्हं तू देख रे भो."